मुंबई–पणजी आगबोट : पेडणे आणि डिचोलीच्या प्रवासीसमाजाचा इतिहास

संस्था म्हटले की नोंदणी, घटना, पदाधिकारी आणि वार्षिक सभा डोळ्यांसमोर येतात. परंतु ज्या व्यवहाराला ठरलेले वेळापत्रक असते, ज्याचे अलिखित नियम माणसे पिढ्यानपिढ्या पाळतात, ज्याची स्वतःची परिभाषा तयार होते आणि ज्यात नवख्याला जुन्यांचे बोट धरूनच शिरता येते, असा व्यवहारही संस्थाच असतो. या अर्थाने मुंबई आणि पणजी यांच्यामध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत, मधले खंड वगळता, चाललेली प्रवासी आगबोट ही गोमंतकाच्या अर्वाचीन इतिहासातील एक मोठी संस्था होती. तिचे मालक अनेकदा बदलले, बोटी जुन्या होऊन गेल्या आणि नव्या आल्या, गोव्यावरची सत्ताही बदलली. पण डेकवर, म्हणजे बोटीच्या उघड्या तक्तपोशीवर, सतरंजी अंथरून एक दिवस आणि एक रात्र सोबतीने काढणारा प्रवासी हा या संस्थेचा खरा सभासद होता आणि त्याच्या सभासदत्वात शंभर वर्षांत फारसा फरक पडला नाही. या संस्थेचा इतिहास सहसा मुंबई किंवा पणजी या दोन टोकांवरून सांगितला जातो. येथे तो पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या बाजूने मांडला आहे, कारण या तालुक्यांच्या किनाऱ्याला किंवा धक्क्याला ती बोट कधी लागली नाही, तरीही तेथील शेकडो घरांचा वर्षाचा हिशेब तिच्या येण्याजाण्यावर बसवलेला होता.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके ‘नव्या काबिजादी’त मोडतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जिंकलेले तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादी, आणि अठराव्या शतकात सावंतवाडीकर भोसले, सौंधेकर इत्यादींकडून टप्प्याटप्प्याने मिळवलेला बाहेरचा प्रदेश या नव्या काबिजादी, अशी ही विभागणी आहे. तेरेखोल आणि हळर्ण हे किल्ले १७४६ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले, तर डिचोली आणि पेडणे हे महाल १७८०च्या दशकात त्यांच्या राज्यात कायमचे सामील झाले. त्यामुळे या भागाचे नाते बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले यांच्याशी आधीपासूनचे होते आणि मराठी ही देवळातल्या कीर्तनाची, दुकानातल्या वहीची आणि घरच्या पत्राची भाषा होती. भटकंतीची परंपराही येथे जुनी आहे. अठराव्या शतकातील संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव बांदा आणि पेडण्यातील पालये या गावांशी जोडलेले आहे; त्यांनी उतारवयात घर सोडून उत्तरेकडे प्रयाण केले आणि ग्वाल्हेर, उज्जैनपर्यंतचा मुलूख पायी पाहिला. विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव दिलेले आहे.

भूगोलाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. पेडणे तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा नदी आणि पश्चिमेला समुद्र असल्याने पाणी ओलांडल्यावाचून पेडणेकराला बहुतेक कोठेच जाता येत नसे. डिचोलीला समुद्र नाही. पण मांडवी, तिला मिळणारी वाळवंटी आणि खाड्यांचे जाळे यांमुळे तेथील माणसाचा पणजीकडचा रस्तासुद्धा कोणत्या तरी धक्क्याशी येऊन थांबे. होडीने नदी ओलांडण्याच्या जागेला जुन्या मराठीत ‘तर’ म्हणतात आणि होडी चालवणाऱ्याला ‘तारी’. या दोन तालुक्यांत आगबोटीचा प्रवास तरीपासून सुरू होई आणि तरीशीच संपे, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही.

आगबोट कंपन्यांचा इतिहास येथे थोडक्यात पुरेसा आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या १८८० च्या सरकारी गॅझेटियरच्या काळात ‘शेफर्ड’ कंपनीच्या बोटी कोकणच्या बंदरांना लागत असत आणि लोक त्यांना ‘शेफर्डची बोट’ याच नावाने ओळखत. याच परंपरेतील बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या किनाऱ्यावर जवळजवळ मक्तेदारी मिळवली. तिच्या विरोधात स्वदेशीच्या चळवळीतून एक भारतीय सहकारी कंपनी उभी राहिली. तिच्या बोटींना संतांची नावे दिलेली होती आणि लोक तिला जिव्हाळ्याने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. या जिव्हाळ्याला दुःखाची किनारही आहे. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या बोटी बुडाल्या, आणि १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ मुंबई बंदराबाहेर काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेहून अधिक माणसे गेली. ‘रामदास’ गोव्याच्या मार्गावर नव्हती. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे कोकणात आणि गोव्यात बोटीने जाणाऱ्याला निरोप देताना घरची माणसे गप्प होत, ते याच आठवणीने.

गोवा मुक्त झाल्यावर १९६०च्या दशकात खाणधंद्यातून मोठ्या झालेल्या चौगुले समूहाच्या जहाज कंपनीने ही सेवा चालवली आणि १९७०च्या दशकात ती मोगल लाइन या सरकारी कंपनीकडे आली. मोगल लाइनची स्थापना १८७७ ची. हजच्या यात्रेकरूंना नेणारी कंपनी म्हणून ती प्रसिद्ध होती आणि १९८६ मध्ये ती भारतीय नौवहन महामंडळात, म्हणजे शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये, विलीन झाली. या अखेरच्या पर्वातील ‘रोहिणी’, ‘कोकणसेवक’ आणि ‘कोकणशक्ती’ ही नावे आज साठी ओलांडलेल्या गोमंतकीयांच्या तोंडी माहेरवाशिणींच्या नावांसारखी येतात.

आगबोट बारमाही नव्हती. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागला, की सेवा थांबे आणि पाऊस ओसरल्यावर, साधारण भाद्रपद सरताना, पुन्हा सुरू होई. मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या टोकाजवळ वाळूचा पट्टा आहे. पावसाळ्यात त्या उथळ पाण्यावर लाटा फुटू लागल्या की नदीत शिरणे धोक्याचे होते, आणि याच कारणाने खनिज वाहणाऱ्या बार्जेसही त्या काळात तो मार्ग सोडतात. ‘बोट बंद झाली’ आणि ‘बोट सुरू झाली’ ही दोन वाक्ये त्यामुळे मिरग आणि दसरा यांच्याप्रमाणे पंचांगाचा भाग झाली होती. या पंचांगात एक मोठी अडचण होती. गोव्यातला सर्वांत मोठा घरगुती सण म्हणजे चवथ, अर्थात गणेशचतुर्थी, आणि ती नेमकी बोट बंद असताना किंवा सुरू होण्याच्या तोंडावर येई. मुंबईत नोकरी करणाऱ्या पेडणेकराला माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या रानफळांच्या आणि भाज्यांच्या चौकटीखाली, आरतीला उभे राहायचे असेल, तर आगगाडीने पुणे, लोंढ्यावरून किंवा मोटारीने घाट उतरून यावे लागे. उलट कोजागिरीला भरणारी पेडण्याची पुनव, फाल्गुनातला शिगमो आणि डिचोलीची घोडेमोडणी, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून तलवार परजत केलेले वीरनृत्य, हे सण बोटीच्या हंगामात पडत. वैशाख शुद्ध पंचमीला डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे लईराई देवीची जत्रा भरते. हातात वेत घेतलेले ‘धोंड’, म्हणजे काही दिवसांचे कडक सोवळे पाळून होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालणारे व्रतस्थ भक्त, या जत्रेला लांबून येतात, आणि जत्रा नेमकी बोटीच्या शेवटच्या फेऱ्यांच्या सुमारास येत असल्याने मुंबईत स्थायिक झालेल्या कुटुंबांना देवीचे दर्शन आणि मे महिन्याची सुट्टी एकाच तिकिटात साधता येई.

बोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे. मधल्या वाटेवर दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे होती. सर्व फेऱ्या सर्व बंदरे घेत नसत. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला न लागता खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, पोपटांचे पिंजरे ‘पडावा’तून, म्हणजे किनाऱ्यावरून वल्हवत येणाऱ्या मोठ्या होड्यांतून, बोटीच्या बाजूला आणले जात. लाटेबरोबर पडाव वर आला की त्याच क्षणी शिडीवर पाय टाकायचा आणि लाट उतरायच्या आत दुसरा पाय उचलायचा, हे कसब म्हाताऱ्या बायकासुद्धा सराईतपणे करत. तांडेल, म्हणजे पडावाचा मुख्य नावाडी, “आत्ता!” म्हणून ओरडे आणि खलाशाचा हात वरून मनगट पकडे. त्या एका शब्दावर साऱ्या किनाऱ्याचा विश्वास होता.

उत्तर पेडण्यातील माणसाला पुष्कळदा पणजीऐवजी वेंगुर्ले सोयीचे पडे. वेंगुर्ल्याला पहाटेच्या अंधारात पडावातून उतरायचे, तेथून शिरोड्यावरून आरोंद्याला यायचे, तेरेखोल नदी होडीने ओलांडून किरणपाणीला उतरायचे आणि मग पालये, हरमल किंवा पेडणे गाठायचे, असा तो क्रम. दक्षिणेकडच्या गावांसाठी क्रम वेगळा होता. पणजीच्या धक्क्यावर उतरून ‘अल्फांद’, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतील जकातघर, पार करायचे. मांडवीवर पूल होईपर्यंत फेरीबोटीने बेतीला जायचे. तेथून म्हापशाला ‘कार्रेर’ धरायची. म्हापशाहून शिवोली, शिवोलीच्या धक्क्यावरून शापोरा नदी ओलांडून चोपडे, आणि चोपड्याहून मोरजी, मांद्रे किंवा हरमल. प्रवासी मोटारगाडीला गोव्यात कार्रेर म्हणत, तो पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला शब्द आहे. डिचोलीकराला म्हापसा, अस्नोड्यावरून जाता येई, किंवा रायबंदरहून चोडण बेट ओलांडून मयेला, किंवा जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर आणि दिवाडीहून नार्व्याला होडीने उतरून पुढे चालत. नार्व्याला उतरणारा प्रवासी सप्तकोटेश्वराच्या देवळाला नमस्कार केल्याशिवाय सहसा पुढे जात नसे.

पहाट फुटताना वेंगुर्ल्याच्या खडकावरचा दीप मागे पडला की बोट पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यासमोर येई. प्रथम तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी नदीचे मुख दिसे, मग केरीची वाळू, हरमलचा डोंगर, मांद्रे, मोरजी आणि शेवटी शापोऱ्याचा किल्ला. डेकवरची पेडणेकर मंडळी डाव्या बाजूच्या कठड्याशी गोळा होत आणि आपापल्या वाड्यावरचे माड ओळखण्याचा प्रयत्न करत. ज्या गावाला जायचे ते गाव डोळ्यांसमोरून सरके, बोट मात्र थांबत नसे. ती पणजीला जाऊन लागे आणि तेच गाव गाठण्यासाठी दोन नद्या ओलांडत अर्धा दिवस उत्तरेकडे मागे यावे लागे. या फेऱ्याबद्दल तक्रार करण्यापेक्षा, सकाळच्या उन्हात घर लांबून एकदा दिसून गेले याचेच समाधान लोक मानत. पेडण्याचा प्रवासी या संस्थेत काठावरचा सभासद होता असे जे म्हणता येईल, ते याच अर्थाने.

डेकवरच्या समाजरचनेकडे पुरेसे लक्ष कोणी दिलेले नाही. तिकिटाचे वर्ग होते, केबिनी होत्या. पण बहुसंख्य प्रवासी डेकचे. धक्क्यावरचे फाटक उघडले की हमाल धावत जाऊन मोक्याच्या जागा सतरंज्या टाकून अडवत आणि मागाहून पैसे घेऊन त्या देत. ज्याच्याजवळ पैसे नसत तो वळकटी उराशी धरून स्वतःच धावे. जागा कोणती धरावी हेही शास्त्र होते. इंजिनाच्या जवळ ऊब आणि तेलाचा वास, नाळेकडे वारा आणि उसळी, तर बोटीचा मध्य सर्वांत स्थिर. म्हणून गरोदर बायका, लहान मुले आणि ‘बोट लागणारी’ माणसे मध्ये बसवली जात. बोट लागणे म्हणजे हेलकाव्यांनी मळमळून उलट्या होणे. त्यावर लिंबू, आलेपाक, सुकी आमसुले, कपाळावर ओला पंचा आणि दूरच्या क्षितिजाकडे नजर ठेवण्याचा सल्ला, असे उपाय होते, आणि ते सुचवणारी बाई शेजारच्या सतरंजीवर हटकून असेच. दुपार कलली की डबे सुटत. तांदळाच्या भाकऱ्या, सुके बांगडे, चवळीची उसळ, गोव्याकडून जाताना घेतलेले पातोळे आणि खाजे या सतरंजीवरून त्या सतरंजीवर फिरत. आणि जातिभेदाच्या ज्या मर्यादा गावात कडकपणे पाळल्या जात, त्या या एका रात्रीपुरत्या बऱ्याच सैल होत. त्या पूर्ण मिटत होत्या असे म्हणणे मात्र वस्तुस्थितीला सोडून होईल.

या एकत्र बसण्यातून जे निर्माण होई, ते प्रवासाचे सामायिक ज्ञान. मुंबईत कोणत्या गिरणीत भरती चालू आहे, गिरगावात कोणाच्या खोलीत वळकटी टाकण्यापुरती जागा आहे, चोपड्याची शेवटची तर किती वाजता सुटते, दोडामार्गच्या नाक्यावर कोणते सामान अडवतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची गर्दी चुकवायची तर कोणती फेरी धरू नये, ही माहिती कोठेही छापलेली नव्हती. ती डेकवर विचारली जाई, सांगितली जाई, दुरुस्त होई आणि पुढच्या फेरीत नव्या माणसाला मिळे. पहिल्यांदा मुंबईला निघालेल्या पोराला बाप धक्क्यावर एखाद्या ओळखीच्या, कधी कधी अनोळखीही, वडीलधाऱ्याच्या हवाली करी आणि “काकांनू, एवढ्याक बघा” एवढ्या तीन शब्दांवर त्याची जबाबदारी सोपवली जाई. नित्य येणारेजाणारे, म्हणजे व्यापारी, नाटक मंडळ्यांतील नट, गायक-वादक, पुरोहित, खलाशी आणि दर सुट्टीला गावी येणारे कारकून, हे या समाजाचे जाणते. त्यांना बोटीचे वेळापत्रक पाठ असे आणि कप्तानाचा स्वभावही.

मुंबईतील ‘कूड’ या संस्थेशी याची तुलना उद्बोधक ठरते. कूड म्हणजे खोली. गोव्यातील एकेका गावाच्या ख्रिस्ती मंडळींनी, मुख्यतः बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी, धोबी तलाव, माझगाव अशा भागांत गावाच्या नावाने चालवलेली ही वसतिगृहे होत. तेथे प्रत्येकाला ट्रंक ठेवायला जागा असे आणि रात्रीची रोझरी एकत्र म्हणावी लागे. कूडाला नियमावली होती, सभासदांची यादी होती, आणि त्यामुळे तिचा इतिहास लिहिण्यास साधने उपलब्ध आहेत. पेडणे-डिचोलीच्या हिंदू चाकरमान्यांनी गिरगाव-परळच्या चाळींत गाववाल्यांच्या सामायिक खोल्या केल्या आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनसारख्या संस्थांतून सार्वजनिक कार्यही केले. परंतु दोन्ही धर्मांची, सर्व तालुक्यांची माणसे एका छपराखाली आणणारी जागा डेकाइतकी दुसरी नव्हती, आणि नेमकी तिचीच सभासदयादी कोणी ठेवली नाही.

या इतिहासातील सर्वांत मोठा खंड राजकीय कारणाने पडला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. वर्षभराने, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, पेडणे तालुक्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारात अनेकांना हौतात्म्य आले. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध तुटले, आर्थिक नाकेबंदी झाली, मुरगावची रेल्वे सीमेशी थांबली आणि मुंबईहून पणजीला येण्याची नित्याची वाट उरली नाही. पेडण्याच्या कुटुंबांना या काळाने विशेष पोळले, कारण तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी होत्या. आरोंद्याला दिलेली लेक किरणपाणीच्या काठावरून दिसेल इतकी जवळ, पण परवान्यावाचून भेटणे नाही, अशी स्थिती आली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर पुन्हा सुरू झालेल्या बोटीत मुंबईच्या प्रवाशाला अल्फांदीची भीती उरली नव्हती, आणि पुढची दोन दशके तिला सर्वाधिक गर्दी लाभली. याच काळात उघड्यावर झोपून स्वस्तात हिंडणारे परदेशी तरुणही पाठीवर पिशव्या लावून डेकवर दिसू लागले आणि त्यांतले काही हरमलच्या किनाऱ्यावर जाऊन राहिले.

सेवा बंद पडण्याची कारणे एकाएकी उद्भवली नाहीत. मुंबई–गोवा महामार्ग पक्का झाला. पडावात उतरण्यापेक्षा गावाच्या तिठ्यावर उतरवणारी एस.टी. आणि पुढे रात्रीची खाजगी बस लोकांना जवळची वाटू लागली. १९८० मध्ये गोव्यात कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. कोकणातील बंदरे गाळाने भरत चालली, बोटी जुन्या झाल्या, तोटा वाढला आणि मधल्या बंदरांची गर्दी घटताच संपूर्ण मार्गाचा खर्च पणजीच्या प्रवाशांवर येऊन पडला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही सेवा थांबली. कारणे व्यवहाराला धरून होती, हे मान्य करूनही बंद करण्याच्या रीतीबद्दल खंत व्यक्त करणे भाग आहे. दरवर्षी पावसाळ्यात बोट बंद होणे लोकांच्या इतके अंगवळणी पडलेले होते, की अखेरचे बंद होणे हे अखेरचे आहे हे समजायलाच वेळ लागला. एखादे वाचनालय किंवा शाळा बंद होते तेव्हा दप्तर कोणाकडे द्यायचे याचा ठराव तरी होतो. येथे तिकिटांची पुस्तके आणि वेळापत्रके कंपन्यांच्या कागदपत्रांत गेली, आणि शंभर वर्षे तोंडातोंडी साठवलेले ज्ञान ज्यांच्याजवळ होते ती माणसे निरनिराळ्या बसगाड्यांत विखुरली. बारा-पंधरा तास पुढच्या आसनाच्या पाठीकडे पाहत बसलेल्या दोन प्रवाशांत ओळख होऊ शकते, पण डब्यातली भाकरी चौथ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

याच सुमारास जोडफेऱ्यांचेही भवितव्य ठरत होते. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा पणजी–बेती फेरीबोटीने पुन्हा काही वर्षे साऱ्या उत्तर गोव्याचा भार उचलला आणि जाणत्यांना जुने दिवस आठवले. पण तो अपवाद होता. पुढे शिवोली–चोपडे पूल झाला आणि चोपड्याची फेरी थांबली. किरणपाणी–आरोंदा पुलाने तेथील तरीची गरज संपवली. पुलांनी आजारी माणसाला वेळेवर दवाखाना दाखवला, मुलींचे शिक्षण सोपे केले, आणि ते झाले याचा आनंदच मानला पाहिजे. धक्क्यावर फेरीची वाट पाहताना होणारी पंधरा मिनिटांची बैठक मात्र त्यांच्याबरोबर गेली.

नंतरच्या प्रयत्नांपैकी १९९०च्या दशकात दमाणिया कंपनीने चालवलेली कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याची जलद बोट, मुंबई–पणजी अंतर सात-आठ तासांत कापत असे. तीत डेक नव्हता, वातानुकूलित खुर्च्या होत्या, आणि ती काही वर्षांतच थांबली. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ ही आरामबोट सुरू झाली तेव्हा जुन्या प्रवाशांना भरून आले, परंतु तिचे स्वरूप पर्यटनाचे होते. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सलग सुरू झाली आणि तिच्या पूर्णत्वाला शेवटपर्यंत अडवून धरणारा अडथळा पेडण्यातच होता : सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या पेडणे बोगद्यातील भुसभुशीत, पाणी धरणारी माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली आणि त्या कामात मजुरांचे प्राण गेले. ऑगस्ट २०२० मध्ये या बोगद्याची भिंत ढासळली आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरले, तेव्हा गाड्या पुन्हा खोळंबल्या. पेडण्याला रेल्वे स्थानक मिळाले. डिचोलीकर बार्देशातील थिवीला जाऊन गाडी धरतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी पेडणे तालुक्यातील मोपा येथे विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ज्या तालुक्यासमोरून आगबोट न थांबता पुढे जात असे, तेथे आता मुंबईहून तासाभरात उतरता येते.

पणजीचा आगबोटीचा धक्का आज मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंकडे माणसे नेणाऱ्या लहान बोटींच्या वर्दळीत हरवला आहे. जुन्या साखळीतील एक कडी मात्र पेडण्याच्या उत्तर टोकाला टिकून आहे. केरी आणि तेरेखोल यांना जोडणाऱ्या पुलाचे काम २०१५ मध्ये सुरू होऊन अडले, आणि नदी परिवहन खात्याची फेरीबोट तेथे अजून चालते. दुचाक्या पुढे, मोटारी मध्ये, पायी माणसे कठड्याशी, अशा ठरलेल्या रांगेत ती भरते. फळी वर उचलली जाते आणि पाच-सात मिनिटांत पलीकडचा काठ येतो. तेवढ्या वेळात कोणी तरी कोणाला तरी शिरोड्याची बस किती वाजता आहे हे विचारतोच. फेरी नदीच्या मध्यावर आली की उजवीकडे किल्ल्याचा बुरूज आणि डावीकडे केरीची वाळू यांच्यामधून मोकळा समुद्र दिसतो. मुंबईची बोट सकाळच्या उन्हात दक्षिणेकडे जायची, ती त्याच पट्ट्यातून.